सहावं कार्ड दिसेचना

क्रिप्टोचलन कमवायला, म्हणजे मायनिंगला, मी सहा ग्राफिक्स कार्डांचं मशीन उभारत होतो. पाच कार्डं पहिल्याच संध्याकाळी चालू झाली. वॉलेट, पूल (बऱ्याच जणांनी मिळून माइन करायचा गट), मायनिंगचं सॉफ्टवेअर सगळं तासाभरात उरकलं. सहाव्या कार्डाने मात्र माझे नऊ दिवस खाल्ले.

२०२१ची गोष्ट. तेव्हा इथेरियम हे क्रिप्टोचलन ग्राफिक्स कार्डांवर माइन व्हायचं. माझी सगळी आरएक्स ५८०, ८ जीबीची. (४ जीबीवाली घेतली नाहीत ते बरं. इथेरियमची डॅग फाइल, म्हणजे माइन करताना कार्डाच्या मेमरीत ठेवावी लागणारी आणि वाढत जाणारी डेटाची फाइल, २०२०च्या अखेरीस त्यांच्या मेमरीत मावेनाशी झाली होती.)

तर सहावं कार्ड लावलं की मशीन सुरूच होईना. काळी स्क्रीन, बस्स. कार्ड खराब म्हणावं तर तेच एकटं लावलं की झकास चालायचं. ज्याला विचारावं तो म्हणायचा, ड्रायव्हर नव्याने टाक. टाकले. विंडोज दोनदा टाकलं. अरे, स्क्रीनच येत नाही तिथे ड्रायव्हर काय करणार, हे मला पाचव्या दिवशी सुचलं! मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगांत, शिरलो. तिथे ‘अबव्ह फोर-जी डीकोडिंग’ (बऱ्याच कार्डांना पुरतील इतके मेमरीचे पत्ते देणारी सेटिंग) बंद होतं. ते चालू केलं, कार्डं जिथे जोडतात त्या पीसीआयई स्लॉटचा वेग ऑटोवरून जेन २ या जुन्या, कमी वेगावर आणला आणि सहावं कार्ड दिसलं. मी खुर्चीतून उठून अक्षरशः नाचलो.

वीस मिनिटांनी मशीन आपोआप रीस्टार्ट. पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा तेच.

आणखी तीन दिवस मी ओव्हरक्लॉकला, म्हणजे कार्डाचा वेग चढवण्याला, शिव्या घालत होतो. शेवटी वास आला म्हणून हात लावून पाहिला, तर रायझरचा (कार्ड मदरबोर्डपासून लांब लावायच्या जोडणीचा) साटा कनेक्टर, म्हणजे हार्डडिस्कला वीज देतात तसला, चटका बसेल इतका तापलेला. इतर पाच रायझरना सहा पिनांची वायर होती. ती संपली म्हणून सहाव्याला मी रायझरच्या खोक्यात आलेलं साटाचं अडॅप्टर लावलं होतं. साटा कनेक्टर १२ व्होल्टवर साडेचार अँपियर, म्हणजे ५४ वॅटच झेपवतो. कार्ड स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत ओढू शकतं. मग ते अडॅप्टर खोक्यात देतात कशाला? अजून राग येतो. तुमच्याही खोक्यात निघालं तर सरळ कचऱ्यात टाका.

रायझरची निळी केबल यूएसबीसारखी दिसते, पण तिच्यातून पीसीआयईचे सिग्नल जातात. ती चुकूनही खऱ्या यूएसबी पोर्टात घालू नका.

वायर बदलली आणि सहाही कार्डं मिळून सेकंदाला १८० मेगाहॅशच्या (म्हणजे १८ कोटी आकडेमोडींच्या) आसपास स्थिरावली. हां, त्याआधी कोअरचा (कार्डाच्या मुख्य चिपचा) क्लॉक, म्हणजे वेग, आणि व्होल्टेज उतरवून मेमरीचा क्लॉक चढवला होता. इथेरियमला मेमरीचा वेग लागायचा, कोअर नुसता वीज खायचा. हे खरं तर पहिल्या दिवशीच करायचं काम.

१५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने प्रूफ ऑफ वर्क, म्हणजे माइन करण्याची पद्धतच, सोडलं आणि हे सगळं थांबलं. कार्डं विकली. ते सहावं घेणाऱ्याला रायझर फुकट देत होतो, पण त्याला गेम खेळायचे होते.