तिसऱ्या रविवारी

‘सिस्टर, तुम्ही त्याला मनातून कसं काढलंत?’

हा प्रश्न मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. विचारणाऱ्या बहुतेक विशी-पंचविशीतल्या मुली. एखादा मुलगाही असतो, पण तो उपासना संपल्यावर गाडीची किल्ली शोधत रेंगाळतो आणि ‘माझ्या एका मित्राचं असं झालंय’ अशी सुरुवात करतो. सांगलीतली आमची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, मोजकीच; माझी गोष्ट सगळ्यांना ठाऊक. सगळे विचारतात म्हणून एकदाच नीट लिहिते.

१९९६ साली माझा साखरपुडा झाला. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये वधूवरांची नावं वाचतात, कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणून. बॅन्स म्हणतात त्याला. दोन रविवार आमची नावं वाचली गेली. मधल्या आठवड्यात त्याच्या घरून निरोप आला. कारण लिहीत नाही. त्याची मुलं आता मोठी झालीत. तिसऱ्या रविवारी मी हट्टाने चर्चला गेले. पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, सूचना वाचल्या: महिला मंडळाची सभा, संडेस्कूलची सहल, कुणाच्या तरी ऑपरेशनसाठी प्रार्थना. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवला. आमची नावं आली नाहीत, आणि अख्ख्या चर्चला ती न आलेली ऐकू गेली. मागच्या बाकावरचं एक लेकरू तेवढं रडत होतं. त्याचे मी मनोमन आभार मानले.

पुढचे काही महिने सगळ्यांनी मला वचनं दिली. वचनं म्हणजे बायबलमधली. ‘देवाची योजना असते’, ‘मागचं विसर, पुढं बघ’, ‘सत्तर वेळा सात माफ कर’. चांगल्या मनानेच म्हणायचे. पण ‘मागचं विसरून’ हे प्रेषित पौल फिलिप्पैकरांना पत्रात लिहितो तेव्हा तो कुणा माणसाला विसरायचं म्हणत नाही. त्याच्या आधी त्याने आपलं कूळ, आपलं परूशीपण (कडक नियम पाळणाऱ्या यहुदी पंथातलं असणं), आपली धर्मनिष्ठा यांची यादी दिली आहे. स्वतःच्या त्या मोठेपणावर तो पाणी सोडतोय. ते वाक्य उचलून रडणाऱ्या मुलीच्या हातात ठेवलं की तिला वाटतं, मला विसरता येत नाही म्हणजे माझा विश्वासच कमी. मला वाटत होतं.

उपयोगाला आल्या त्या पाळकबाई, पाळकसाहेबांच्या पत्नी. एका दुपारी डब्यात पिठलं-भाकरी घेऊन आल्या, मी खाईपर्यंत समोर बसल्या, रिकामा डबा घेऊन गेल्या. प्रार्थनासुद्धा केली नाही. पाळकबाईंनी प्रार्थना न करता उठणं म्हणजे काय, हे आमच्यातल्यांना सांगायला नको! पुढं एकदा त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, ‘बायबलातला एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूतानं त्याला काय दिलं? भाकर अन् पाणी. तो जेवला, परत झोपला. परत उठवून परत जेवायलाच घातलं. देव बोलला ते नंतर, डोंगरावर गेल्यावर.’

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी विचारते, जेवलीस का, झोप लागते का. आठवडेच्या आठवडे दोन्ही नसेल, जगणं नको वाटत असेल, तर लगेच डॉक्टरकडे चल म्हणते, मी येते सोबत. गोळी घेतल्याने विश्वास पातळ होत नाही. मिरज हे दवाखान्यांचं गाव. वॉनलेस डॉक्टर मिशनरी म्हणूनच आले होते आणि १८९४ साली त्यांनी इथं इस्पितळ काढलं. औषध आणि प्रार्थना इथं शंभरावर वर्षं एकाच आवारात आहेत.

मी सर्जिकल वॉर्डात नर्स होते. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १४७व्या स्तोत्रात भग्नहृदयी माणसांच्या जखमांना देव पट्ट्या बांधतो असं आहे. लोकांना ते गोड वाटतं. पट्टी बांधणारीला विचारा. पू झालेली खोल जखम वरून शिवून टाकत नाहीत. उघडी ठेवतात, गॉज भरतात, रोज काढतात, धुतात, पुन्हा भरतात. ती तळापासून भरत यावी लागते. वरची कातडी आधी मिटली तर आत पू राहतो आणि पुन्हा चिरावं लागतं. रोजचं ड्रेसिंग काढताना पेशंट ओरडतो, शिव्याही देतो. स्तोत्रांत असं ओरडणं पुष्कळ आहे. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची ओळ नाही. तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय.

आता सोडून देण्याचं. वर्षभर मी रोज रात्री एकच मागणी मागायचे: त्याला परत आण. ती प्रार्थना होती की वसुली, देव जाणे. मग एका नाइट ड्यूटीला मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला तो श्रीमंत माणूस वाचला. शंभरदा ऐकलेला. येशूने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली, असं स्पष्ट लिहिलंय. मग म्हणाला, असेल ते विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये. तो मात्र खिन्न होऊन निघून गेला. आणि येशू त्याच्यामागे धावला नाही. अट कमी केली नाही, शिष्यांना पाठवलं नाही, शापही दिला नाही. जाऊ दिलं. प्रेम होतं आणि जाऊ दिलं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत होऊ शकतात हे मला तोवर सुचलंच नव्हतं. त्या रात्री मागणी बदलली असं नाही, पण पुढच्या आठवड्यात कधीतरी ती मागायची राहून गेली.

मुली विचारतात, ‘ब्लॉक करणं पाप आहे का?’ नाही गं. माफ करणं वेगळं, रात्री दोन वाजता त्याचा स्टेटस बघणं वेगळं. आमच्या वेळी एसटीडी बूथवर जाऊन नंबर फिरवायचा आणि ‘हॅलो’ ऐकून ठेवायचा असे उद्योग होते, त्यात पैसे तरी जायचे. (मी लग्न का केलं नाही, हा प्रश्न वेगळा. त्याचं श्रेय त्याला देऊ नका.)

लग्नासाठी आईने घेतलेली पांढरी साडी मात्र ट्रंकेतच होती. ठेवायची म्हणून नव्हे, काढायची राहिली. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा चढली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, तेव्हा पाणी ५७च्या वर गेलं. आम्ही मिरजेला बहिणीकडे होतो. परत आलो तर ट्रंक गाळाने भरलेली. अंगणात एकेक कपडा पिळत बसले तेव्हा ती हाताला आली, मधोमध तपकिरी पट्टा. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, ‘अगंबाई, कुणाची ही लग्नाची?’

‘माझी. लग्न झालंच नाही.’

त्या गप्प झाल्या. मी साडी उजेडात धरून पाहत होते. गाळाचा डाग वाळला की जात नाही. म्हटलं, ‘वहिनी, तुमच्याकडे धुण्याचा सोडा आहे का थोडा?’