ग्लेन कॅन्यनचा विसर्ग आणि हंपबॅक चब

धरणातून नदीत किती पाणी सोडले, हे आपण नेहमी क्युसेकच्या आकड्यांत वाचतो. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, ग्लेन कॅन्यन धरणाच्या खाली कोलोरॅडो नदीत राहणाऱ्या हंपबॅक चब या माशाविषयी वाचू लागल्यापासून मात्र मला तो आकडा अपुरा वाटतो. पाणी किती गार आहे आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी ते चढते-उतरते, यावर या माशाचे भवितव्य अधिक अवलंबून आहे.

१९६३ साली या धरणात पाणी अडवले जाऊ लागले. त्यापूर्वीची नदी हिवाळ्यात गोठणबिंदूच्या जवळ जात असे, उन्हाळ्यात २५ अंश सेल्सिअसच्या पुढे तापत असे आणि गाळाने तांबूस होऊन वाहत असे. डोक्यामागे ठसठशीत कुबड, बारीक डोळे आणि निमुळती शेपटी असलेला हा मासा अशाच गढूळ, वेगवान पाण्यासाठी घडलेला होता. धरण भरल्यानंतर टर्बाइनला मिळणारे पाणी जलाशयाच्या खोल थरातून येऊ लागले, त्यामुळे खालची नदी बारमाही गार आणि नितळ झाली. अंड्यांसाठी सुमारे १६ अंशांची ऊब लागणारा चब मुख्यतः लिटल कोलोरॅडो या उबदार उपनदीच्या आधाराने तगून राहिला. पाइकमिनो आणि बोनीटेल हे त्याचे नातलग मासे धरणाखालच्या ग्रँड कॅन्यन या दरीतून नाहीसेच झाले. १९६७ साली चबची नोंद संकटग्रस्त जातींच्या यादीत झाली.

१९९६ मध्ये सात दिवस ४५,००० क्युसेक विसर्ग करून मुद्दाम पूर आणला गेला, तो वाळूचे किनारे पुन्हा घडवण्यासाठी. या प्रयोगाला प्रसिद्धी भरपूर मिळाली, पण मला त्याहून अधिक मोलाचा वाटतो तो २०१८ साली सुरू झालेला एक साधा बदल. विजेची मागणी वाढली की विसर्ग वाढवायचा आणि रात्री कमी करायचा, या रिवाजामुळे नदीची पातळी रोज वर-खाली होते. माशांचे खाद्य असलेले कित्येक जलकीटक मात्र काठालगतच्या दगडांवर, पाण्याच्या रेषेशी अंडी चिकटवतात. पाणी उतरले की ती उघडी पडून सुकतात. म्हणून मे ते ऑगस्ट या काळात शनिवार-रविवारी विसर्ग कमी आणि स्थिर ठेवण्यात आला, जेणेकरून त्या दोन दिवसांत घातलेली अंडी पुढेही पाण्याखालीच राहावीत. सुट्टीच्या दिवशी विजेची मागणी कमीच असते, ही सोयही त्यात हेरलेली दिसते.

दुष्काळाने पुढे सगळे गणित फिरवले. लेक पॉवेलची, म्हणजे धरणामागच्या या जलाशयाची, पातळी घसरत गेली, तसे वरचे उबदार पाणी टर्बाइनच्या तोंडांशी येऊ लागले. ही ऊब चबला मानवली, त्याची संख्या वाढली आणि २०२१ साली त्याला एक पायरी कमी धोक्याच्या वर्गात हलवण्यात आले. पण तीच ऊब स्मॉलमाउथ बास या बाहेरून आणलेल्या शिकारी माशालाही मानवते. जलाशयातले बास टर्बाइनमधून जिवंत खाली उतरले आणि २०२२ साली धरणाखालच्या एका संथ डबक्यात त्यांची पिल्ले सापडली. आता उपाय उलटा झाला: चबच्या रक्षणासाठी नदी पुन्हा गार करायची.

त्यासाठी जुलै २०२४ पासून काही महिने, टर्बाइनपेक्षा खोलवर असलेल्या चार विमोचक नळांतून (टर्बाइन टाळून पाणी थेट नदीत सोडणाऱ्या नळांतून) गार पाणी सोडून नदीचे तापमान बासच्या प्रजननाला लागणाऱ्या पातळीखाली ठेवण्याचा प्रयत्न झाला. या पाण्यावर वीज बनत नाही, आणि तेवढी वीज बाजारातून विकत घ्यावी लागते. वीज घेणाऱ्या वस्त्यांची तक्रार मला खोटी वाटत नाही, तरी बास लिटल कोलोरॅडोच्या संगमापर्यंत पोहोचल्यावर त्याला हटवण्याचा उपाय कुणाकडे नाही, म्हणून हा खर्च मला रास्त वाटतो. अडचण नळांचीच आहे. २०२३ च्या मोठ्या विसर्गानंतर त्यांच्या आतल्या बाजूची झीज उघड झाली आणि पुढे त्यांना नवे अस्तर लावावे लागले. कोलोरॅडोचीच उपनदी असलेल्या ग्रीन नदीवरच्या फ्लेमिंग गॉर्ज धरणात जलाशयाच्या हव्या त्या थरातून पाणी उचलण्याची सोय १९७८ मध्येच केली गेली. ग्लेन कॅन्यनमध्ये तशी सोय अजून नाही.