पट्टी, चिठ्ठी आणि शुक्रवारचा फोन

मी सध्या इंग्लंडमध्ये लेस्टरला शिकवते. सुट्टीला नाशिकला आले की पंचवटीतल्या माझ्या जुन्या शाळेत एक चक्कर होतेच. यंदा चहा हातात यायच्या आधीच गणिताच्या बाईंनी विचारलं, "काय गं, तिकडची पोरं फार उद्धट असतात म्हणे?" त्या नुकत्याच 62 पोरांच्या नववीतून घसा बसवून आल्या होत्या.

पोरं काय, इथून तिथून सारखीच. गडबडले होते ती मी.

इथे 11 वर्षं विज्ञान शिकवलं ते आवाजाच्या जोरावर. पण तो जोर माझा एकटीचा नव्हता, हे तिकडे गेल्यावर कळलं. खोड्या करणाऱ्याची आई मला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात मेथीची जुडी निवडताना भेटायची. "आईला सांगू का?" एवढ्यावर काम भागायचं.

लेस्टरला माझी आणि कुणाच्या आईची काय ओळख? पहिल्याच आठवड्यात 'यिअर नाइन', म्हणजे आपली आठवी. मुलं अवघी 28. मी फळ्याकडे वळले की मागून एक जण कोंबड्यासारखा आरवायचा. तिसऱ्यांदा आरवल्यावर मी पंचवटीच्या पट्टीत ओरडले. वर्ग चिडीचूप. मग एका मुलीनं माझ्या उच्चारांसकट माझी हुबेहूब नक्कल केली, आणि पुढचा तास गेलाच.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी एक कागद हातात ठेवला. आधी ताकीद, पुन्हा ताकीद, मग जागा बदलायची. तरीही ऐकत नसेल तर 'ऑन-कॉल', म्हणजे त्या तासाला मदतीसाठी नेमलेल्या, शिक्षकाला बोलवायचं. ते मुलाला घेऊन जातात आणि नंतर डिटेन्शन, म्हणजे शिक्षा म्हणून थांबवून ठेवणं. हे सगळं बसचं वेळापत्रक वाचावं तशा आवाजात. शाळेतून काही दिवस काढायचं तर तो अधिकार फक्त मुख्याध्यापकांना, आणि तेही वर्षात 45 दिवसांच्या वर नाही. छडी तर तिथल्या सरकारी शाळांतून 1987 मध्येच गेली. आपल्याकडेही 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे. मी मुलांना ओणवं उभं करायचे तेव्हा हे कलम मला माहीत नव्हतं असं नाही.

सुरुवातीला तो कागद मला कोरडा वाटला. राग नाही, लोभ नाही, नुसत्या पायऱ्या! पण त्यात एक गंमत होती: आजचं भांडण आजच संपतं. मी मात्र इथे एकेका पोरावर दिवाळीपर्यंत डूख धरून असायचे.

शिवाय दर शुक्रवारी एका तरी घरी चांगलं सांगायला फोन करायचा, अशीही रीत होती. मी त्या आरवणाऱ्याच्या घरी लावला. त्यानं विद्युतमंडलाची आकृती सुरेख काढली होती. आई दचकून म्हणाली, "आता काय केलं त्यानं?" आकृतीचं सांगितल्यावर बराच वेळ काही बोलेचना. सोमवारी पठ्ठ्या पुढच्या बाकावर. आरवला, पण एकदाच.

हे ऐकून आमच्या बाईंना हुरूप आला. मागच्या बाकावरच्या एका दंगेखोरानं प्रमेय न चुकता सोडवलं होतं, म्हणून त्यांनी तिथल्या तिथे त्याच्या वडिलांना फोन लावला. ते इथेच अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कंपनीत. यंत्रांच्या आवाजात त्यांना 'शाळा' आणि पोराचं नाव, एवढंच ऐकू आलं असावं. तासाभरात हेल्मेट हातात घेऊन ते दारात उभे.

"बाई, काय केलं त्यानं?"

"काही नाही हो, चांगलं केलं. तेच सांगत होते."

ते आमच्या दोघींकडे बघत राहिले. "बरं," म्हणाले, "पण माझा अर्धा खाडा झाला ना, बाई."