आमची वाटचाल : सडनची फळी

डोंबिवलीत बाबांनी वाचनालय काढलं तेव्हा त्यात काउबॉयच्या कादंबऱ्या ठेवायचं त्यांच्या डोक्यातही नव्हतं. मराठी रहस्यकथा, दिवाळी अंक, पोरांसाठी कॉमिक्स, इंग्रजीत हॅडली चेस आणि मिल्स अँड बून एवढ्या भांडवलावर दुकान चालायचं होतं. पण फोर्टच्या फूटपाथवरून आणि रद्दीवाल्यांकडून गठ्ठ्याने माल आणला की त्यात कॉर्गी या इंग्लंडच्या प्रकाशनाची पातळ पुस्तकं निघायचीच. मुखपृष्ठावर टोपी, पिस्तूल आणि तांबूस डोंगर. बाबांनी ती वेगळी काढून एका फळीवर लावली आणि थोड्याच दिवसांत ती फळी कायम अर्धी रिकामी दिसायला लागली. पुस्तकं चोरीला जात नव्हती, सतत कोणाच्या ना कोणाच्या घरी असायची.

कारण साधं होतं. लोकल. दीड-पावणेदोनशे पानांची कादंबरी डोंबिवली ते व्हीटी जाता-येता दोन-तीन दिवसांत संपते, उभ्याने एका हातात धरता येते आणि खिशात मावते. अनामत भरा, दिवसाचं भाडं द्या, पुस्तक न्या. बँकेतले, रेल्वेतले, गोदीतले लोक आमचे मेंबर होते. इंग्रजी सिनेमा न कळणारे काहीजणही या कादंबऱ्या सरळ वाचायचे. वाक्यं छोटी, माणसं मोजकी, आणि कोण वाईट ते दुसऱ्या प्रकरणात समजलेलं.

त्या फळीला आमच्याकडे ‘सडनची फळी’ म्हणायचे. एल्मोर लिओनार्ड किंवा झेन ग्रे यांची नावं आमच्या मेंबरांना फारशी माहीत नव्हती, पण सडन म्हटलं की डोळे चमकायचे. हा नायक ऑलिव्हर स्ट्रेंज या इंग्रज लेखकाचा. स्ट्रेंजचा जन्म १८७१चा, म्हणजे १९३०मध्ये ‘द रेंज रॉबर्स’ हे त्याचं पहिलं पुस्तक आलं तेव्हा तो साठीला टेकला होता. त्यानंतर १९५०पर्यंत आणखी नऊ. न केलेल्या गुन्ह्याचा ठपका डोक्यावर घेऊन फिरणारा, सांभाळणाऱ्या माणसाला दिलेल्या शब्दापायी दोघा बदमाशांना शोधणारा जेम्स ग्रीन ऊर्फ सडन. स्ट्रेंज १९५२मध्ये वारला. साठच्या दशकात कॉर्गीने ही पुस्तकं पुन्हा काढली तेव्हा त्यांची मागणी इतकी होती की फ्रेडरिक नोलन यांनी फ्रेडरिक एच. ख्रिश्चन या नावाने सडनची आणखी पाच पुस्तकं लिहिली. नोलन हे लिव्हरपूलचे, आणि न्यू मेक्सिकोतल्या लिंकन काउंटी वॉर या एकोणिसाव्या शतकातल्या टोळीयुद्धाचे नावाजलेले अभ्यासक. दहा आणि पाच मिळून पंधरा. आमच्या फळीवर पंधरा एका वेळी कधीच नव्हती.

त्यांच्या खालोखाल जे. टी. एडसन. हाही इंग्रज, आधी सैन्यात कुत्र्यांना शिकवणारा, पुढे पोस्टमन, आणि शंभराच्या बऱ्याच वर कादंबऱ्यांचा धनी. मग लुई लामूर, आणि कॉलेजातल्या पोरांसाठी जॉर्ज जी. गिलमनची ‘एज’ मालिका. गिलमन म्हणजे टेरी हार्कनेट. हा लंडनच्या त्या टोळीतला लेखक, जिला पुढे ‘पिकॅडिली काउबॉईज’ असं नाव पडलं. एजची ६१ पुस्तकं आहेत आणि त्यात रक्तपात इतका, की बाबा ती पुस्तकं काउंटरखाली ठेवायचे.

नव्वदच्या दशकात केबल आला आणि वाचनालयाचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ते लांबवत नाही. पण वेस्टर्नच्या, म्हणजे या काउबॉय कादंबऱ्यांच्या, फळीवर वेगळंच संकट होतं. तिला नवा मालच येईना. एजची मालिका १९८९मध्ये थांबली, एडसनची पुनर्मुद्रणं आटली, सडन तर केव्हाचाच छापायचा बंद झाला होता. लामूर तेवढा तगला, त्याची पुस्तकं आजही छापली जातात. बाकी सगळं म्हणजे देशात जेवढ्या प्रती उरल्या होत्या तेवढ्याच, या वाचनालयातून त्या रद्दीत आणि त्या रद्दीतून पुन्हा फूटपाथवर फिरणाऱ्या.

या प्रतींची अवस्था काय असते ते वाचकाला दुकानात सांगावं लागत नाही, हातात घेतली की कळतं. स्वस्त पॉकेटबुकचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात आम्ल, म्हणून तो आधी पिवळा, मग तपकिरी होतो आणि शेवटी घडी घालताच तुटतो. पाठीला दोरा नसतो, नुसता गोंद. तो सुकला की पानं सुटतात. त्यात आपला पावसाळा, कसर आणि वाळवी. वाचनालयवाल्यांनी त्यावर शोधलेला उपाय म्हणजे बाजूने दाभणाने भोकं पाडून दोऱ्याने शिवायचं आणि वर खाकी पुठ्ठा चढवायचा. पुस्तक वीस वर्षं टिकतं, पण आतला समास शिवणीत जातो आणि ओळीचा शेवटचा शब्द बोटाने पान ताणून वाचावा लागतो. मूळ मुखपृष्ठ तर बांधणीच्या दिवशीच जातं. शिवाय शेवटची पानं. भाड्याच्या पुस्तकात नेमकी तीच गायब असतात. कोण काढतं आणि का, हे कोडं आमच्या धंद्यात कोणालाच सुटलेलं नाही.

भाड्याचा धंदा आटत गेला तसं मी जुन्या पुस्तकांची विक्री सुरू केली. आधी दुकानात, नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून. वेस्टर्न शोधणारे ग्राहक बहुतेक साठीच्या पुढचे, बाबांच्या काळातले मेंबर किंवा त्यांच्यासारखे. पुणे, नाशिक, बडोदा, बेळगाव. एक गृहस्थ अ‍ॅरिझोनात मुलाकडे राहतात. काउबॉयच्या गोष्टींतलं प्रसिद्ध टूम्बस्टोन गाव प्रत्यक्ष पाहून आले आणि मग त्यांना कॉर्गीचा सडन हवासा वाटला. असा ग्राहक किमतीवरून घासाघीस करत नाही. तो फक्त विचारतो, पानं सगळी आहेत ना?

२०१२मध्ये अ‍ॅमेझॉनच्या किंडलचं ई-बुकांचं दुकान भारतात उघडलं तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नाही. नवीन पुस्तकं विकणाऱ्यांची ती डोकेदुखी, माझ्याकडे तर न छापली जाणारी पुस्तकं, असा हिशोब होता. पण पुढच्या काही वर्षांत नेमकी तीच पुस्तकं ई-बुक होऊन यायला लागली. सडन आला, एडसन आला, एज आला. पिकॅडिली पब्लिशिंग नावाची संस्था या कामात पुढे आहे. जुन्या ब्रिटिश वेस्टर्नवर जीव असलेल्या लेखकांनीच ती चालवली आहे.

हे शक्य कसं झालं ते आमच्या धंद्यातल्या माणसाने समजून घेण्यासारखं आहे. प्रकाशकाशी केलेल्या करारात बहुधा अशी तरतूद असते की पुस्तक ठरावीक काळ छापलं गेलं नाही तर लेखक किंवा त्याचे वारस हक्क परत मागू शकतात. कागदाच्या जमान्यात हक्क परत मिळाले तरी त्यांचं करायचं काय, हा प्रश्न असायचा. हजार प्रती छापा, गोदामाचं भाडं भरा, आणि घेणारे शंभरच. ई-बुकला गोदाम लागत नाही. घेणारे शंभर असले तरी भागतं, आणि ते शंभर डोंबिवलीत, डर्बीत आणि डॅलसमध्ये विखुरलेले असले तरी चालतं. जी पुस्तकं बाजाराच्या दृष्टीने मेली होती त्यांच्यासाठी हा मार्ग जणू आखूनच दिलेला होता.

दुकानावर परिणाम लगेच दिसला. एडसनची विक्री बसली. ज्याला नुसती गोष्ट वाचायची आहे त्याने मोडकी प्रत का घ्यावी? आणि इथे, जुनी पुस्तकं विकून पोट भरणारा माणूस म्हणून सांगतो, ते बरोबर आहे. या प्रकारची कादंबरी वाचायला ई-बुकच चांगलं. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, आणि आमच्या ग्राहकांच्या वयात तो मुद्दा बाकी सगळ्यांवर मात करतो. शिवणीत गेलेले शब्द परत येतात. शेवटची पानं असतात! आमचे एक जुने मेंबर ‘सडन गोल्डसीकर’चा शेवट न वाचताच निवृत्त झाले होते. मोबाइलवर तो वाचून त्यांनी फोन केला आणि म्हणाले, मला वाटलं होतं तेच झालं, पण खात्री करून घेतली. शिवाय मालिका क्रमाने मिळते. सडनच्या बाबतीत त्याला महत्त्व आहे, कारण सडन फरारी कसा झाला ते सांगणारं ‘सडन आउटलॉड’ १९३४चं आहे, पहिलं नव्हे. आम्ही वर्षानुवर्षं लोकांना हाती लागेल त्या क्रमाने ही पुस्तकं वाचायला दिली.

एक तोटा मात्र कोणी बोलत नाही. पडद्यावर पुस्तक उघडं पडतं. तपकिरी पान, जुन्या वासाचा गोंद, मागच्या मेंबराने पेन्सिलीने मारलेली खूण, मिळवण्यासाठी केलेली वणवण, हे सगळं गेलं की उरतो तो फक्त मजकूर, आणि चाळीस वर्षांनी तो पुन्हा वाचायचा असतो. काही पुस्तकं या परीक्षेत उतरतात. नोलन यांची पाच मला आज जास्त आवडतात, कारण त्या माणसाला तो इतिहास माहीत आहे. स्ट्रेंजची बांधणी अजून घट्ट वाटते, पण त्याने मेक्सिकन आणि इंडियन माणसांबद्दल जे लिहिलं आहे ते आता बोचतं, आणि सडनच्या काळ्या घोड्याचं मूळ नाव तर मोठ्याने उच्चारवत नाही. एडसनची सलग चार वाचली की पाचवं आपणच सांगू शकतो. बरेच ग्राहक दोन-तीन ई-बुकं घेऊन थांबले आणि कागदी प्रतीकडे परतले. वाचायला नव्हे, ठेवायला.

म्हणून आमचा धंदा आता दुभंगला आहे. वाचणाऱ्यांना आम्ही सरळ ई-बुकाकडे पाठवतो. कोणती मालिका कुठे मिळते, कोणत्या क्रमाने वाचायची, कोणत्या नावामागे कोणता लेखक आहे याची यादी करून देतो, ज्यांना फोनवर पुस्तक उतरवून घेता येत नाही त्यांना दुकानात बसवून शिकवतो. यादीचे थोडे पैसे घेतो, शिकवण्याचे नाही. ई-बुकातल्या चुकांचीही कल्पना देतो. जुनं पान स्कॅन करून यंत्राने वाचलं की इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ चिकटून ‘एम’ होतो, ‘corner’चा ‘comer’ होतो आणि बंदूकवाला कोपऱ्याऐवजी भलतीकडेच उभा राहतो. चांगले प्रकाशक हे तपासतात, सगळे नाही.

पीडीएफ मागणारेही येतात. “तुमच्याकडे प्रत आहे ना, स्कॅन करून पाठवा, पैसे देतो.” आम्ही नाही म्हणतो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. स्ट्रेंजचा तो २०१२अखेर संपला, ब्रिटनमध्ये ७० वर्षांच्या नियमाने २०२२अखेर. पण नोलन २०२२मध्ये गेले आणि एडसन २०१४मध्ये, त्यांचे हक्क शाबूत आहेत. आणि ज्यांनी खटपट करून ही पुस्तकं परत आणली त्यांच्याच पोटावर पाय द्यायचा, हे पटत नाही. स्ट्रेंजची दहा पुस्तकं आपणच छापावीत असाही विचार झाला. डिजिटल छपाईचे भाव काढले. शंभर प्रतींच्या हिशोबात एका प्रतीला जो खर्च येतो त्यात ग्राहकाला कॉर्गीची जुनी प्रत मिळते, आणि त्याला नेमकी तीच हवी असते. विषय तिथेच संपला.

बाबांचा मात्र ई-बुकावर एकच आक्षेप होता आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. ते भाड्याने देता येत नाही. कागदी प्रत एकदा विकत घेतली की ती शंभर जणांना वाचायला द्या, विका, मुलाला ठेवा, कोणी विचारत नाही. ई-बुकात आपण विकत घेतो ती वाचायची परवानगी. २००९मध्ये अ‍ॅमेझॉनने ऑर्वेलची दोन पुस्तकं, विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून, लोकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली. २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-बुकांचं दुकान बंद केलं तेव्हा पैसे परत दिले, पण पुस्तकं गेली. खाकी पुठ्ठ्यातला सडन असा कोणी घरात येऊन नेलेला नाही. नेला तो मेंबरांनीच.

कागदी प्रतींची खरेदी आम्ही आता निवडून करतो. मूळ मुखपृष्ठ शाबूत असलेला, न शिवलेला कॉर्गीचा सडन कोणत्याही किमतीला पाहतो. एजची पुस्तकं सुस्थितीत असतील तर घेतो. ब्लॅक हॉर्स वेस्टर्नची जाड पुठ्ठ्याची पुस्तकं, इंग्लंडमधल्या वाचनालयाचे शिक्के असली तरी, आवडीने घेतो. ती मुळात वाचनालयांसाठीच निघत. एडसन फक्त संपूर्ण गठ्ठा असेल तर. लामूर नको, तो नवा मिळतो. सध्या आमच्याकडे सडनची तेरा आहेत. ‘द लॉ ओ’ द लॅरियट’ आणि ‘सडन प्लेज अ हँड’ हवी आहेत. कोणाच्या माळ्यावर असतील तर फोटो पाठवा, शेवटच्या पानाचाही.