उकडलेली कोळंबी: नववी खेप, आणि आधीच्या आठांचा हिशेब

मंडळी, काल नववी खेप झाली आणि पातेल्यातून पहिल्यांदाच एकही कडबोळं (जास्त शिजून वेटोळं झालेली कोळंबी) निघालं नाही. अठरा कोळंब्या, अठराही विळ्यासारख्या वाकलेल्या, दाताखाली कट्कन तुटणाऱ्या. लगेच लिहायला बसलोय, कारण सातव्या खेपेच्या वेळी काय केलं होतं ते मला आता धड आठवत नाही. वही ठेवायला उशीर केला.

आमच्या घरात कोळंबी म्हणजे कालवण, नाहीतर रवा लावून तळलेली, फार तर खिचडी. नुसती मिठाच्या पाण्यात उकडून गार खायची हे ऐकल्यावर अलिबागच्या सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "कोण आजारी आहे?" कालवणात कोळंबी रबर झाली तरी कोकम आणि नारळ सांभाळून घेतात. इथे झाकायला काही नाही. म्हणून तर हा खेळ सुरू केला.

पहिल्या तीन खेपांबद्दल फार लिहीत नाही. हळद-मीठ, झाकण, "शिजली असेल" असं वाटेपर्यंत गॅस. खोडरबर.

चौथ्या खेपेपासून घड्याळ लावलं. ऐकीव नियम असा की कोळंबी टाकल्यावर पाण्याला परत उकळी आली की तीन मिनिटं मोजायची. त्या दिवशी मोठ्या बर्नरवर कुकर होता, म्हणून माझं पातेलं लहान बर्नरवर. परत उकळी यायला चार मिनिटं लागली, वर तीन, म्हणजे कोळंबी सात मिनिटं गरम पाण्यात. पुढच्या रविवारी मोठ्या बर्नरवर तेच पावणेदोन मिनिटांत झालं. नियम एकच आणि शिजण्याची वेळ एकदा सात मिनिटं, एकदा पावणेपाच. दोन्ही वेळा कडक, पण वेगवेगळ्या कडक. उकळीची वाट बघणं हाच घोळ आहे हे तेव्हा डोक्यात शिरलं.

मग टोचायच्या काट्याचा डिजिटल थर्मामीटर आणला. पहिल्याच दिवशी खळखळत्या पाण्यात ९८ दाखवायला लागला. दुकानदाराशी भांडायच्या तयारीने पिशवीत घातलाही होता. त्याआधी सहज बर्फाच्या गच्च पाण्यात बुडवून पाहिला तर बरोब्बर शून्य. थर्मामीटरचा दोष नव्हता, नाशिकचा होता. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर वर, इथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. कोळंबीला त्याने काही फरक पडत नाही, माझी एक फेरी वाचली इतकंच.

फरक पडतो तो पुढे. कोळंबीच्या मांसातलं एक प्रथिन पन्नाशीच्या आसपास घट्ट व्हायला लागतं, तिथे कच्चा लिबलिबीतपणा जातो. दुसरं साठी ओलांडल्यावर आकसायला लागतं आणि सत्तरीच्या पुढे ओल्या फडक्यासारखं पिळून रस बाहेर काढतं. मासळी सुरक्षित शिजल्याचा अमेरिकेतल्या अन्नसुरक्षा खात्यांचा आकडा आहे ६३ अंश. म्हणजे आपल्याला गाठायचंय ६३ ते ६८, आणि पाणी ९८ वर उकळत ठेवलं तर तो टप्पा काही सेकंदांत मागे पडतो.

रंगावर तर अजिबात जाऊ नका. लालसर रंग कच्च्या कोळंबीतही असतोच, फक्त एका प्रथिनाला बांधलेला असल्याने करडा-निळसर दिसतो. उष्णतेने ते प्रथिन सैल झालं की रंग मोकळा होतो. पण ही गंमत आधी कवचावर आणि वरच्या थरात होते. सहाव्या खेपेत बाहेरून झकास गुलाबी झालेली कोळंबी मधोमध चिरली तर आत काचेसारखी पारदर्शक होती. बघायचं ते पाठीच्या सर्वांत जाड भागात, डोक्याकडच्या टोकाला. तिथे काच जाऊन दुधी रंग आला की झालं.

सहाव्या खेपेचा घोटाळा सांगायलाच हवा, कारण त्यातूनच सूत्र सापडलं. गॅस बंद करून गरम पाण्यातच शिजवायची हे ठरलं होतं. २५० ग्रॅम सोललेली कोळंबी, थेट फ्रिजमधली, अर्ध्या लिटर पाण्यात. पाणी बघता बघता सत्तरवर आलं आणि तिथून आणखी खाली. अडीच मिनिटांनी जाड कोळंब्या कच्च्या. तेवढीच कोळंबी एक लिटरमध्ये टाकली तर पाणी ८१-८२ ला येऊन थांबतं. दोन लिटरमध्ये ८९, म्हणजे घाई करावी लागते. मला एक लिटर पटलं. पाव किलोला एक लिटर, वजनाच्या चौपट पाणी, आणि हे वजनकाट्यावर मोजून. वाटीने नाही.

कालची कृती अशी. अर्धा किलो अख्खी आणली होती. कसारा घाट चढून बर्फात आलेली, डोकी घट्ट आणि वास समुद्राचा. घरी आल्या आल्या डोकी काढली, कारण डोक्यातले पाचक रस मांसात उतरले की ते पिठूळ होतं. साफ करून राहिली सव्वातीनशे ग्रॅम. कवच ठेवलं. कात्रीने पाठीवरून कवच कापून काळा दोरा ओढून काढला, मांसात कात्री खोल जाऊ दिली नाही. खोल चिरलेली कोळंबी कशीही वळते, मग आकारावरून अंदाज लागत नाही.

पाणी एक लिटर ३०० मिली, मीठ लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे जवळपास समुद्राइतकं खारट. जास्त वाटेल, पण कोळंबी पाण्यात जेमतेम अडीच मिनिटं असते. त्यात डोकी, चार मिरी, तमालपत्र, कोथिंबिरीच्या काड्या घालून पंधरा मिनिटं उकळलं आणि गाळलं. घटलेलं पाणी उकळतं पाणी घालून परत मापावर आणलं (आठव्या खेपेत हेच विसरलो होतो). खळखळून उकळी, कोळंबी आत, लगेच गॅस बंद, एकदा झारा फिरवून झाकण. दोन मिनिटं वीस सेकंदांनी जाड कोळंबीत काटा खुपसला: ६२. बाहेर काढून शिजणं थांबवायला बर्फाच्या पाण्यात टाकली. ताटलीत ठेवलेली एक नमुना कोळंबी आपल्याच उष्णतेने ६५ वर गेली. हे वरचे दोन-तीन अंश आधीच धरून चालायचं.

बर्फ हा वेगळा विषय. आठव्या खेपेत फ्रिजच्या ट्रेमधले चौदा तुकडे टाकले होते, ते कोळंबी पडताच विरघळले आणि बर्फाचं पाणी म्हणून जे होतं ते आंघोळीचं कोमट पाणी झालं. कोळंबी त्यात शांतपणे शिजत राहिली. आता आदल्या रात्री स्टीलच्या डब्यात पाणी गोठवून एकच मोठा ठोकळा करतो. पाच मिनिटांत बाहेर. जास्त ठेवली की चव धुऊन जाते, म्हणून या पाण्यातही थोडं मीठ.

पाकिटातली गोठवलेली वापरणाऱ्यांसाठी एवढंच: ती आंध्रातल्या तळ्यांतली व्हनामेई जातीची असते बहुतेक, आणि वर बर्फाचा लेप असतो. रात्रभर फ्रिजमध्ये वितळवून, निथळून, मग वजन करा. तशीच गोठलेली टाकलीत तर बर्फ वितळण्यातच पाण्याची बरीच ऊष्मा जाईल आणि वरचे आकडे फोल.

गार झाल्यावर सोलली, लिंबू, काकडी, बारीक कांदा आणि हिरवी चटणी. नाशिककर असल्याचा अभिमान म्हणून सातव्या खेपेत द्राक्षं घातली होती. घालू नका.

सासूबाईंनी चार खाल्ल्या आणि उरलेल्या उचलून उकळत्या कालवणात टाकल्या. दहा मिनिटांत अकरा कडबोळी. दहावी खेप बुधवारी, टायगर कोळंबीची. एकेक चाळीस ग्रॅमची आहे, तेव्हा अडीच मिनिटं नक्कीच पुरणार नाहीत. काटा खुपसून दर तीस सेकंदांचा आकडा लिहून काढणार आहे.