रात्रपाळीत आलेली मेंदूची बातमी

डिसेंबर २०१३. पुण्यातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर मी रात्रपाळीला होते आणि शेवटच्या पानाचा अँकर, म्हणजे पानाच्या तळाची मोठी बातमी, माझ्याकडे होता. आलेली कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, अशी: पुरुषांच्या मेंदूतल्या जोडण्या पुढून मागे जातात, बायकांच्या डावीकडून उजवीकडे, म्हणून पुरुषांना नकाशा कळतो आणि बायका एका वेळी चार कामं करतात. मुख्य उपसंपादकांनी हेडिंग देऊनही टाकलं होतं, ‘बायकांना नकाशा का कळत नाही? उत्तर सापडलं!’ त्यात शोधनिबंधावरचं पहिलं नाव मधुरा इंगळहळीकर. अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ आणि मराठी नाव, त्यामुळे बातमी पहिल्या पानावर घ्यायची का, अशी चर्चा सुरू झाली.

मी मूळ निबंध मिळवून वाचला. संशोधन छापण्याजोगं होतं, हेडिंग नव्हतं. ८ ते २२ वयाच्या ९४९ जणांचे एमआरआय, त्यात ५२१ मुली आणि ४२८ मुलगे. मेंदूतल्या तंतूंच्या कडेनं पाणी कसं सरकतं, त्यावरून जोडण्यांचा अंदाज बांधलेला. सरासरी काढली की मुलग्यांमध्ये मेंदूच्या एकेका अर्ध्या भागाच्या, म्हणजे गोलार्धाच्या, आतल्या जोडण्या ठळक, मुलींमध्ये दोन गोलार्धांमधल्या. डोक्यात मागे, खालच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूत नेमकं उलट. पण स्कॅन करताना कुणाच्या हातात नकाशा दिलेला नव्हता. अमुक जोडणी असलेल्याला अमुक काम जास्त जमतं, असा थेट पडताळा त्या निबंधात नव्हता. दिशा शोधणं, अनेक कामं एकत्र करणं ही भाषा विद्यापीठाच्या प्रसिद्धिपत्रकातली होती.

आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट कॉपीत आलीच नव्हती. तेरा वर्षांखालच्या मुलामुलींमध्ये फरक फारच थोडे सापडले होते. ते पुढे, वयात येताना वाढत गेले. कॉपीत मात्र शब्द होता ‘जन्मजात’.

“मॅडम, एवढ्या खोलात कोण जातंय? लोकांना वाचायला मजा येते,” मुख्य उपसंपादक सर म्हणाले. मी म्हटलं, “सर, हेच कात्रण कुणीतरी मुलीला इंजिनिअरिंगला पाठवायचं नाही म्हणून घरात दाखवेल.” सरासरीचा फरक म्हणजे उंचीसारखा असतो, पुरुष सरासरीनं उंच, तरी नवऱ्यापेक्षा उंच बायको कुठल्याही गल्लीत सापडते. सर थोडा वेळ गप्प बसले. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती जुन्याच हेडिंगनं गेली होती. शहर आवृत्तीत ते बदललं, ‘जन्मजात’ काढला आणि वयाचा मुद्दा दुसऱ्या परिच्छेदात आला.

पण त्या रात्रीचा खरा वाद नंतर झाला. महिला पुरवणी पाहणारी माझी मैत्रीण पान लावून घेत होती. ती म्हणाली, “अगं, हेडिंग कशाला बदलतेस? ही बातमीच मारून टाक. असले फरक शोधूच नयेत.” तिचा राग मला समजत होता. १८८७ साली जॉर्ज रोमेन्स या शास्त्रज्ञानं बायकांचा मेंदू पाच औंसांनी, म्हणजे साधारण १४० ग्रॅमनी हलका असतो, म्हणून त्यांची बुद्धी कमी असणार, असं लिहिलं होतं. शरीर लहान तर मेंदूही लहान, हे स्पष्टीकरण त्याला पुरेसं वाटलं नाही. निष्कर्ष आधी आणि मोजमाप नंतर, ही त्या संशोधनाची जुनी खोड आहे.

तरीही मी तिच्याशी सहमत झाले नाही. त्याच २०१३ च्या जानेवारीत अमेरिकेच्या औषध प्रशासनानं झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचा बायकांसाठीचा डोस निम्म्यावर आणला होता, नेहमीच्या गोळीत १० मिलिग्रॅमवरून ५. बायकांच्या शरीरातून ते औषध हळू बाहेर पडतं. रात्री गोळी घेतली तर सकाळी गाडी चालवताना गुंगी उरू शकते. गोळीला तिथे मंजुरी मिळाली १९९२ साली. म्हणजे वीस वर्षं बायका पुरुषांइतकाच डोस घेत होत्या. आमच्या पानांवर मला तेव्हा ही बातमी दिसली नव्हती.

प्राण्यांवरच्या प्रयोगांचंही तेच. २०११ साली छापलेल्या एका आढाव्यात मेंदूविज्ञानात नुसत्या माद्यांवरच्या एका अभ्यासामागे नुसत्या नरांवरचे साडेपाच अभ्यास निघाले होते. माद्यांच्या प्रजनन-चक्रामुळे निकाल डळमळतात, हा समज. “फरक शोधू नका म्हटलं, की शोधणारे बाईला वगळूनच काम करतात,” मी तिला म्हटलं. “आणि औषध मग आपणच गिळतो.” ती लगेच काही बोलली नाही. पान छपाईला सोडलं आणि मग विचारलं, “त्या गोळीचं कागदपत्र आहे का तुझ्याकडे?”

पुढच्या महिन्यात तिनं पुरवणीत झोल्पिडेमवर लेख लावला. मी मजकूर तपासला आणि शेवटी एक ओळ वाढवायला सांगितली: गोळी चालू असेल तर डोस स्वतःच्या मनानं बदलू नका, डॉक्टरांना विचारा.