सिद्धेश्वरने उतरा, मैफल ऐका, सिद्धेश्वरनेच परत या

सोलापुरातून मुंबईला माणूस जातो तो कामाला. मंत्रालय, दवाखाना, मुलाची मुलाखत, एखादं लग्न. नुसती चित्रं पाहायला आणि गाणं ऐकायला मुंबई गाठावी, हे आपल्याकडे चैनीचं वाटतं. पण या बाबतीत आपली सोय फार चांगली आहे. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये आडवं व्हायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं. मुंबईतली उत्तमोत्तम संग्रहालयं तिथून चालत पंचवीस मिनिटांवर आहेत आणि देशातल्या सर्वात चांगल्या नाट्यगृहांपैकी एक टॅक्सीने तीन किलोमीटरवर. परतीची सिद्धेश्वर रात्री साडेदहानंतर सुटते. म्हणजे हॉटेलची खोली न घेता पूर्ण दिवस आणि एक मैफल सहज पदरात पडते.

त्यासाठी आखणी मात्र उलटी करावी लागते. आधी संध्याकाळ ठरवा, मग दिवस. बहुतेक जण सकाळपासून ठिकाणांची यादी करतात, दुपारी चारला पाय गळून जातात आणि संध्याकाळचा कार्यक्रम ‘राहू दे’ होतो. संग्रहालय पुढच्या महिन्यातही तिथेच असतं, त्या दिवसाचं गाणं नसतं. म्हणून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या नाट्यगृह-संकुलाचं महिन्याचं वेळापत्रक पाहायचं, कार्यक्रम निवडायचा, त्याचं तिकीट काढायचं आणि मगच रेल्वेचं आरक्षण करायचं. सहा-साडेसहाला सुरू होणारा कार्यक्रम घ्या, तो नऊच्या सुमारास आटोपतो. दोन-तीन कलाकारांची लांब मैफल असेल तर शेवटचा कलाकार हुकणार हे धरून चाला, किंवा दुसऱ्या दिवशीचं परतीचं तिकीट काढा.

वारही महत्त्वाचा. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, म्हणजे एनजीएमए, सोमवारी बंद असतं. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी. जहांगीर आर्ट गॅलरीतली प्रदर्शनं साधारण मंगळवार ते सोमवार चालतात, त्यामुळे मंगळवारी सकाळी तिथे चित्रं टांगण्याचीच गडबड असू शकते. शनिवार-रविवारी सगळीकडे गर्दी. गुरुवारी रात्री निघून शुक्रवारी पोचणं सगळ्यात बरं. ‘रविवारी घरचं उरकून रात्री निघू’ हा बेत सोयीचा वाटतो आणि नेमका सोमवारी बंद दारापाशी नेऊन उभा करतो.

उतरल्यावर पहिलं काम सामानाचं. सीएसएमटीच्या क्लोकरूमला बॅगेला कुलूप लागतं, नसेल तर घेत नाहीत. प्रवासाचं तिकीट आणि ओळखपत्र जवळ ठेवा. सोलापुरातून निघतानाच छोटं कुलूप बॅगेला लावलेलं असलं की सकाळी स्टेशनबाहेर दुकान शोधत फिरावं लागत नाही. खांद्यावर फक्त पाण्याची बाटली, छत्री आणि भाकरी-चटणीचा डबा असेल तर तो असू द्या. दालनांत खाता येत नाही, पण दुपारी तो कामाला येतो, कारण संग्रहालयांच्या आसपासच्या काळा घोडा भागातल्या कॅफेंमध्ये दोघांच्या कॉफीला लागतात तेवढ्यात आपल्याकडे घरादाराचं जेवण होतं.

संग्रहालयं दहा-अकराला उघडतात. मधल्या वेळात स्टेशनच पाहून घ्या. आपण वर्षानुवर्षं त्याच्या पोटातून जातो, पण लांब पल्ल्याच्या फलाटांवरून बाहेर पडताना त्याचा चेहरा दिसतच नाही. भुयारी मार्गाने पलीकडे, महापालिकेच्या बाजूला जा आणि तिथून मागे वळून पाहा. फ्रेडरिक स्टीव्हन्सने आखलेली ही इमारत 1888 मध्ये पूर्ण झाली. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ: एक इंग्लंडचा, एक हिंदुस्थानचा. दगडातली पानं, माकडं, मोर कोरण्यात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता. मग डी. एन. रोडने सरळ चालत हुतात्मा चौक, तिथून काळा घोडा. ऊन असेल तर मेट्रो 3 ने हुतात्मा चौक स्थानकावर उतरा.

पहिलं ठिकाण छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. सव्वादहाला उघडतं. जुन्या लोकांच्या तोंडी अजून प्रिन्स ऑफ वेल्सच आहे. 1905 मध्ये पायाभरणी झाली, पहिल्या महायुद्धात इमारत लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली आणि लोकांसाठी संग्रहालय उघडलं ते 1922 मध्ये. आत शिरायच्या आधी बागेत थांबून घुमटाकडे पाहा. ओळखीचा वाटेल. वास्तुविशारद जॉर्ज विटेटने तो विजापूरच्या गोल घुमटावरून घेतला. आपल्याला विजापूर शंभरेक किलोमीटर, सहलीला दहा वेळा गेलेलो असतो. मुंबईच्या मध्यावर आपल्याच बाजूचा घुमट उभा आहे हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. मधल्या दालनातल्या लाकडी कमानी नाशिकच्या एका वाड्यातून आणलेल्या आहेत.

आत सगळं पाहायचा हट्ट धरू नका. तळमजल्यावरची शिल्पं आणि वरची लघुचित्रं, एवढ्यालाच दोन तास लागतात. सिंधमधल्या मिरपूरखासच्या स्तूपावरच्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती शिल्पांमध्ये चुकवू नका. अकबराचं चिलखत आणि ढालही इथेच आहे.

लघुचित्रांपाशी सर्वात जास्त लोक चुकतात. भिंतीवरच्या चित्रासारखं चार फुटांवरून पाहतात, काही दिसत नाही, पुढे निघतात. ही चित्रं भिंतीसाठी नव्हतीच. हातात धरून, पोथीसारखी जवळून पाहण्यासाठी ती काढलेली असत. म्हणून काचेपासून फूटभरावर या, जवळचा चष्मा लावा. काचेत दिव्याचं प्रतिबिंब आलं तर अर्धं पाऊल बाजूला सरका. आता गुडघ्यात थोडं वाका आणि हळूहळू सरळ व्हा. मघाशी पिवळट दिसणारं सोनं, दागिन्यावरचं, जरीच्या काठावरचं, एका विशिष्ट कोनात अचानक पेटतं आणि पुन्हा विझतं. चितारी रंग चढवून झाल्यावर कागद पालथा घालून गुळगुळीत दगडाने घोटत, त्यामुळे रंगाला ती झळाळी येते. मग केस पाहा: खारीच्या केसांच्या कुंचल्याने एकेक रेघ सुटी ओढलेली असते. मागावर एकेक धागा मोजणाऱ्या गावातल्या माणसाला हे काम वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पाच चित्रं अशी पाहा, पन्नास नको.

याच आवारात जहांगीर निकोल्सन यांचा आधुनिक चित्रांचा संग्रह आहे आणि तिथली मांडणी बदलत असते. आपल्या पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन त्या संग्रहात आहेत.

जेवणानंतर जहांगीर आर्ट गॅलरी. 1952 पासून आहे, प्रवेश फुकट. बऱ्याचदा चित्रकार स्वतः दालनात बसलेला असतो. ‘याचा अर्थ काय’ असं विचारण्यापेक्षा ‘हा रंग कसा लावला, ब्रशने की सुरीने’ असं विचारा, माणूस खुलून बोलतो. अर्धा तास पुरे. समोरच एनजीएमए आहे, पूर्वीचा 1911 चा सर कावसजी जहांगीर हॉल. 1996 पासून तिथे हे संग्रहालय भरतं. आत अर्धगोल दालनं एकावर एक चढत घुमटापर्यंत जातात, त्यामुळे जिने बरेच आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर खालची दोन दालनं पाहून निघा. दोन प्रदर्शनांच्या मध्ये दालनं बंद असतात, म्हणून काय चालू आहे ते आधी बघूनच जा. चौकातला आजचा काळा घोडा नवा आहे, बिनस्वाराचा. मूळ पुतळ्यातला राजा, एडवर्ड सातवा, 1965 मध्ये इथून हलवला गेला. तो आता घोड्यासकट भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. फेब्रुवारीच्या आसपास इथे नऊ दिवस काळा घोडा महोत्सव भरतो. महोत्सवच पाहायचा असेल तर जरूर जा, पण निवांत चित्रं पाहायला ते दिवस कामाचे नाहीत.

साडेचारला सगळं थांबवा. ओव्हल मैदानावरून, मंत्रालयाकडून चालत एनसीपीए अर्ध्या तासावर येतं. समुद्राच्या कठड्यावर बसून पायांना आराम द्या. दमलेल्या अंगाने बसलं की विलंबित ख्यालात हमखास डोळा लागतो.

तिथलं टाटा थिएटर 1980 मध्ये सुरू झालं. सुमारे हजार आसनं, पंख्यासारखी पसरलेली. फिलिप जॉन्सनने आराखडा केला आणि ध्वनीची बाजू सिरिल हॅरिसने सांभाळली. वाद्याचा मूळ आवाज कमीत कमी ध्वनिवर्धनात मागच्या रांगेपर्यंत जावा, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे सगळ्यात महागडी पुढची रांग घेण्याची गरज नाही, मधल्या रांगेतली मधली खुर्ची उत्तम. अगदी कडेची टाळा, तिथून गायकाची एकच बाजू दिसते. सोलापुरात तिसऱ्या घंटेनंतरही लोक येत राहतात, इथे दार बंद होतं. उशीर झाला तर मध्येच सोडतीलच असं नाही.

सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया या एनसीपीएच्या पाश्चात्य वाद्यवृंदाचे कार्यक्रम बहुधा फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या सुमारास असतात. आपल्याला जागेवर दाद द्यायची सवय असते. तिथे रचनेचे तीन-चार भाग असतात आणि दोन भागांमधल्या शांततेत टाळी वाजवत नाहीत. संचालकाचे हात खाली येऊन तो आपल्याकडे वळला की वाजवा. शास्त्रीय गायनाला मात्र समेवर मान डोलली, ‘क्या बात है’ निघालं, तर कोणी वळून पाहत नाही.

दुसरा दिवस काढता आला तर भायखळ्याचं संग्रहालय घ्या. 1872 चं, शहरातलं सर्वात जुनं. मुंबईतल्या जाती-धंद्यांच्या मातीच्या बाहुल्या मुलांना फार आवडतात. निघण्याआधी ते उघडं आहे ना एवढं पाहून घ्या. संध्याकाळी चर्नी रोडजवळचं रॉयल ऑपेरा हाउस, जे 2016 मध्ये दुरुस्तीनंतर पुन्हा उघडलं. किंवा जुहूचं पृथ्वी, दोनशे आसनांचं, तीन बाजूंनी प्रेक्षक. तिथली तिसरी घंटा एनसीपीएपेक्षाही कडक. जुहूहून सीएसएमटीला यायला रात्री दीड तास धरा, म्हणून परतीच्या दिवशी पृथ्वी नको.

एनसीपीएतून बाहेर पडल्यावर टॅक्सी दारात लगेच मिळत नाही, सगळं सभागृह एकदमच रिकामं होतं. मुख्य रस्त्यापर्यंत चालत या. क्लोकरूमची पावती वरच्या खिशात ठेवा, आणि दहाच्या आत स्टेशनवर.